आमची वाटचाल: वरचा टप्पा, खालचा टप्पा

आमची घरची बाग दिंडोरीच्या बाजूला एका टेकडीच्या उतारावर आहे, नाशिक शहरापासून तासाभराच्या आत. आधी खाण्याची द्राक्षं, मग वाइनरींना कराराने माल, आणि राज्याचं 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यानंतर काही वर्षांनी स्वतःची छोटी वाइनरी. पाहुण्यांना वाइन चाखवणं, म्हणजे टेस्टिंग, सगळ्यात शेवटी सुरू झालं.

खाण्याच्या द्राक्षाचे घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्रावणात बुडवून मणी फुगवतात. वाइनला मणी बारीकच हवा. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. उताराच्या वरच्या टप्प्यात मुरूम आहे, खालच्या टप्प्यात काळी माती. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, वेल पाला वाढवत बसते, घडांत हवा खेळत नाही आणि भुरी हा बुरशीचा रोग धरतो. मुरमात पाण्याचा निचरा होतो, मणी लहान राहतो. शिराझ ही लाल वाइनची जात आम्ही दोन्हीकडे लावली, पण माल वेगळा तोडतो आणि वेगळ्या टाकीत आंबवतो.

उतारावर साधं ठिबक फसतं. उंचीत 10 मीटरचा फरक पडला की पाण्याच्या दाबात चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोचा फरक पडतो. खालच्या वेली भिजतात, वरच्या तहानलेल्या राहतात. म्हणून लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) उताराला आडव्या, समतल रेषेत टाकाव्यात आणि ड्रिपर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे, घ्यावेत. खर्च जास्त येतो, पण इथे काटकसर करू नये.

एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी). गोडीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे औषध अंगावर गेलेल्या माणसाने वाइन घेतली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, मळमळतं. म्हणून पेस्टिंगच्या दिवसांत बाग पाहुण्यांना बंद असते आणि पेस्ट लावणारा माणूस पुढचा आठवडाभर टेस्टिंगच्या टेबलावर येत नाही. याला अपवाद नाही.

तोडणी जानेवारी ते मार्च, पहाटे. ऊन चढल्यावर तोडलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. शिराझ 23-24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतो. ब्रिक्सला 0.55 ने गुणलं की अल्कोहोलचा टक्का साधारण कळतो, म्हणजे 23 ला साडेबारा-पावणेतेरा. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात.

लाल वाइन आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात. हाताला ऊबदार लागतो, खालून बुडबुडे येत असतात. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो. वर कोरडा पडला की व्हिनेगरचा वास धरतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बहुतेक वेळा यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. तो वेळेत ओळखला तर डीएपी (यीस्टला नायट्रोजन पुरवणारं क्षार) देऊन आणि हवा देऊन सावरता येतो.

टेस्टिंगला प्रत्येकी 30 मिलीचे पाच ग्लास: शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ या दोन पांढऱ्या, एक गुलाबी रोझे आणि शेवटी दोन शिराझ शेजारी शेजारी, वरच्या टप्प्याची आणि खालच्या टप्प्याची. आधी बाग चालून यायची, मग ग्लास. मुरूम पायाखालून गेला की वरच्या शिराझचा गडद रंग आणि जिभेवरचा तुरटपणा सांगावा लागत नाही. सकाळी 11 ची वेळ उत्तम, तोंड ताजं असतं. अत्तर लावून येऊ नये. खोलीत आम्ही उदबत्तीही लावत नाही. तिखट फरसाणाने अल्कोहोल जास्त जळजळतं, म्हणून सोबत साधा पाव आणि पाणी. मार्चच्या उकाड्यात लाल वाइन खोलीच्या तापमानाला देणं चूक आहे, नुसता अल्कोहोलच नाकात भरतो. बाटली 10-15 मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून 16-18 अंशांवर आणावी.

वय 21 पूर्ण हवं. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकावी, टेबलावर भांडं त्यासाठीच असतं. शेवटचा चढ अरुंद आहे, मोठी बस वर येत नाही. घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवू नयेत. उन्हात डिकी तापते, आतली वाइन फुगते आणि बूच वर सरकतं. सीटच्या खाली, सावलीत, आडव्या ठेवाव्यात.