चॅम्पियनशिपची डुकाटी जर्मनीत आणताना: माझा अनुभव

कंपनीच्या स्वतःच्या (फॅक्टरी) टीमची रेसिंग मोटरसायकल ब्रिटनमधून जर्मनीत आणायची असेल, तर पैसे देण्याआधी कस्टम्सचा कोड, म्हणजे मालाचा वर्ग ठरवणारा आकडा, पक्का करा. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण एका संग्राहकासाठी १९९९ च्या मोसमातली डुकाटी ९९६ आणताना बाकी सगळं सुरळीत झालं आणि फाइल अडकली ती फक्त ह्या कोडपायी. आठवलं की अजून चीड येते.

साधी मोटरसायकल ८७११ ह्या कोडखाली येते. ८०० सीसीच्या वरच्या गाडीवर ६ टक्के ड्यूटी लागते आणि ड्यूटी धरून होणाऱ्या रकमेवर जर्मनीत १९ टक्के व्हॅट. संग्राह्य वस्तूंचा कोड ९७०५. तिथे ड्यूटी शून्य आणि व्हॅट ७ टक्के. एक लाख युरोच्या गाडीवर, वाहतूक खर्च सोडून, पहिल्या कोडने २६,१४० युरो जातात, दुसऱ्याने ७,०००. गाडी इटलीत बनलेली, मग ड्यूटी कसली, असं वाटू शकतं. पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून आलेली गाडी आयातच धरतात आणि ब्रिटनशी झालेल्या करारातली ड्यूटीमाफी ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला मिळते, इटलीतल्या नाही.

आमच्या कस्टम्स कार्यालयातल्या अधिकाऱ्याने पहिल्याच फेरीत सांगितलं की ९७०५ साठी वाहन ३० वर्षं जुनं लागतं, हे नाही, म्हणून ८७११. नियमाचा तेवढाच भाग वाचून फाइल बाजूला ठेवली होती. युरोपीय संघाच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत त्याच कोडखाली रेसिंगच्या वाहनांचा वेगळा मुद्दा आहे: फक्त स्पर्धेसाठी आखलेलं, बांधलेलं आणि वापरलेलं, नामांकित राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लक्षणीय यश मिळवलेलं वाहन. त्याला वयाची अट नाही. हा उतारा जर्मन भाषेत छापून, ओळ अधोरेखित करून अर्जाच्या पहिल्या पानाला जोडा. तोंडी सांगून वेळ वाया जातो.

मग पुराव्याचा प्रश्न आला. आधी रस्त्यावरच्या गाडीची नोंदणी आणि १७ अक्षर-अंकांचा वाहन नंबर मागितला. रेससाठीच बांधलेल्या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी झालेलीच नसते, हे पटवण्यातच बरेच दिवस गेले. त्यानंतरचा प्रश्न मात्र रास्त होता: जिंकली ती हीच गाडी कशावरून? १९९९ चं वर्ल्ड सुपरबाइक ह्या मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेचं विजेतेपद कार्ल फोगर्टीने ९९६ वर मिळवलं, एवढ्याने एका विशिष्ट फ्रेमबद्दल काहीच सिद्ध होत नाही. फॅक्टरी रायडरला दोन-दोन गाड्या असतात, पडझडीनंतर फ्रेम बदलतात, आणि इंजिनं तर सतत अदलाबदल होतात. म्हणून इंजिन नंबरवर दावा उभा करू नका, फ्रेमवर करा.

शेवटी कामी आला तो फ्रेम नंबर लिहिलेला टीमचा बिल्डशीट (गाडी बांधतानाची नोंद), जिंकलेल्या फेरीचा अधिकृत निकाल आणि त्या काळचे फोटो. डुकाटीची नळ्यांची फ्रेम हाताने वेल्ड केलेली असते, त्यामुळे सांध्यांवरच्या वेल्डच्या लहरी बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येक फ्रेमवर वेगळ्या पडतात. फेअरिंग (बाहेरचं आवरण) काढलेल्या अवस्थेतला पिटमधला जुना फोटो आणि आजचा फोटो एकाच कोनातून शेजारी ठेवला, तेव्हा कुठे अधिकाऱ्याने मान हलवली. फॅक्टरीचं प्रमाणपत्र असेल तर त्यात ‘फक्त स्पर्धेसाठी बांधलेली व वापरलेली’ हे शब्द असू द्या. नुसतं ‘अस्सल गाडी’ लिहिलेल्या कागदावर कस्टम्स समाधानी होत नाही.

वाद लांबला तर हमीची रक्कम भरून गाडी सोडवून घेता येते. कराचा आदेश हातात पडला की हरकत घ्यायला एकच महिना असतो, ती लेखी द्या. घाई नसेल तर सगळ्यात उत्तम मार्ग म्हणजे आयातीआधीच बंधनकारक वर्गीकरण निर्णय मागणं. तो द्यायची मुदत साधारण १२० दिवसांची आणि मिळालेला निर्णय ३ वर्षं टिकतो. माझ्या मते महागड्या गाडीसाठी दुसरा विचारच करू नये.

एक गोष्ट ह्याआधी यायला हवी होती: सौद्यापूर्वी इंजिनचं कवच (क्रँककेस) उघडून पाहा. ९१६ ह्या ९९६ च्या आधीच्या मॉडेलच्या वंशातल्या रेस इंजिनांत मेन बेअरिंगच्या आसपास क्रँककेसला तडे जातात, त्यामुळे डाय पेनिट्रंट तपासणी (रंग लावून बारीक तडे शोधणं) मागाच. ईसीयूशी (इंजिनच्या संगणकाशी) बोलणारी केबल आणि जुना लॅपटॉप विक्रेत्याकडेच असतो, तो करारात लिहून घ्या. चाकं १६.५ इंची असतील तर त्यांचे स्लिक (खाचा नसलेले रेसचे) टायर आता सहज मिळत नाहीत. वर्ल्ड सुपरबाइक २०१३ पासून १७ इंचांवर गेलं.

क्रेटमध्ये भरताना टाकी पूर्ण रिकामी करा, बॅटरी सोडवा, पट्टे फेअरिंगवरून नेऊ नका आणि पुढचा फोर्क आठवडाभर दाबलेला ठेवू नका, त्याचे सील दबून खराब होतात. मॅग्नेशियमच्या भागांना दमट हवा चालत नाही म्हणून आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका. गाडी पोचल्यावर टायमिंग बेल्ट बदलल्याशिवाय स्टार्ट करू नका, आणि आधी प्लग काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून घ्या.