कंपनीच्या लीजवर छोटी ईव्ही आणि सोसायटीचं एक पत्र : माझा बडोद्याचा अनुभव

कंपनीच्या लीजवर, म्हणजे नोकरीतल्या कंपनीमार्फत ठरावीक मुदतीच्या भाड्याने, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल आणि तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, तर रंग-मॉडेल बघायच्या आधी सोसायटीचं ना-हरकत पत्र हातात घ्या. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण बाकी सगळं सुरळीत झालं आणि या एका कागदाने जीव नकोसा केला. माझा राग अजून गेलेला नाही.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. पुरवठादारांकडे हालोल, वाघोडिया, सावली असं फिरणं सतत चालू असतं. कंपनीने लीजच्या यादीत इलेक्ट्रिक गाड्या घातल्या तेव्हा मी एमजी कॉमेट मागितली. ऑफिसात बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. "एवढीशी गाडी? तुमच्या हुद्द्याला मोठी मिळते की!" कंपनीची गाडी म्हणजे हुद्द्याची पाटी, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. मला ते पटत नाही. लांबी तीन मीटरच्या आत, वळायला ४.२ मीटरची त्रिज्या. रावपुऱ्यात किंवा मांडवीजवळ ज्याने कधी गाडी लावायला जागा शोधली आहे, त्याला या आकड्यांचं मोल सांगायला नको.

शिवाय ही गाडी बनते आपल्या हालोलच्या कारखान्यात. माझे काका तिथे जनरल मोटर्सच्या काळात कामाला होते. आधी ओपेल अ‍ॅस्ट्रा, मग शेवरोले, आणि २०१७ मध्ये सगळं बंद. तेव्हा आमच्या घरात किती काळजीचं वातावरण होतं ते मला आठवतं. त्याच कारखान्यातून २०१९ मध्ये एमजीची हेक्टर बाहेर पडली आणि २०२३ मध्ये ही कॉमेट आली. एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं. १९२४ पासून तिथल्या व्यवस्थापकाने, सेसिल किंबरने, त्या नावाच्या छोट्या, चपळ गाड्या काढल्या आणि त्यांच्यामागे वेडे होणारे लोक जगभर तयार झाले. आता मालकी चिनी कंपनीची आणि भारतात जेएसडब्ल्यूची भागीदारी; कॉमेटचा मूळ आराखडाही वुलिंग या चिनी ब्रँडच्या एअर ईव्ही गाडीचा. जुन्या एमजीचे शौकीन म्हणतील, अष्टकोनी बिल्ल्याशिवाय यात उरलं काय? मी म्हणते, छोटी गाडी हौसेने चालवायची ही रीत उरली आहे, आणि माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

तर आता ते पत्र.

गाडी विकत घेऊन आम्हाला भाड्याने देणाऱ्या लीज कंपनीची अट अशी की, चार्जिंगची सोय असल्याचं सोसायटीचं पत्र आल्याशिवाय ऑर्डर जाणार नाही. अट रास्त आहे. कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे बाहेरच्या स्टेशनवरचं झटपट चार्जिंग, नाही, म्हणजे घरी पॉइंट नसेल तर गाडी घेऊन करायचं काय? मी सोसायटीत अर्ज मागितला. छापील अर्जात चौथ्या ओळीला लिहिलेलं : 'सभासदाच्या नावे असलेल्या वाहनाच्या आरसी बुकाची प्रत जोडावी.'

आता बघा. गाडीची ऑर्डरच गेलेली नाही, तर आरसी कुठून आणू? आणि गाडी आल्यावरही आरसीवर मालक म्हणून लीज कंपनीचंच नाव येणार, माझं नाही. लीजचा अर्थच तो. मी हे सेक्रेटरीकाकांना समजावलं. ते मराठीच, वडिलांच्या ओळखीतले, माणूस वाईट नाही. पण म्हणाले, "अगं, दुसऱ्याच्या नावच्या गाडीला मी परवानगी कशी देऊ? उद्या सभेत मलाच धारेवर धरतील." मी लीज कंपनीला मेल केला की, गाडी तुमच्या नावावर येईल असं पत्र द्या. उत्तर आलं, असं पत्र ऑर्डरनंतरच देता येतं. ऑर्डर कधी? सोसायटीचं पत्र आल्यावर. कंपनीच्या एचआरला सांगितलं तर त्यांनी तोच मेल परत लीज कंपनीकडे ढकलला. ग्राहक सेवेला फोन केला की दर वेळी नवीन मुलगा, पुन्हा पहिल्यापासून रामकहाणी, आणि संध्याकाळी 'आपली तक्रार निकाली काढली आहे' असा मेसेज. तो मेसेज बघून डोक्यात तिडीक जायची. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी जळणाऱ्या स्कूटरचा व्हिडिओ टाकला आणि कमिटीतल्या ज्या दोघांचं मन वळत आलं होतं, तेही मागे फिरले.

शेवटी एका रात्री तो अर्ज समोर ठेवून बसले आणि लक्षात आलं की, सोसायटीची परवानगी गाडीला लागतच नाही. ती लागते माझ्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत जाणाऱ्या वायरीला आणि भिंतीवरच्या प्लगला. मीटर माझ्या नावावर, पार्किंग माझ्या नावावर. छापील अर्ज बाजूला ठेवला आणि साध्या कागदावर नवीन अर्ज लिहिला : 'माझ्या पार्किंगमध्ये माझ्या खर्चाने १६ अँपिअरचा पॉइंट बसवण्यास परवानगी मिळावी.' गाडीचा नंबर नाही, मालकाचं नाव नाही. सोबत लाइट बिल, पार्किंगचं वाटपपत्र, परवानाधारक वायरमनचा आकृतीसह अहवाल, आणि वायरिंगची जबाबदारी माझी असं हमीपत्र. शिवाय ऊर्जा मंत्रालयाच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांचं एक पान. घरी किंवा ऑफिसात आधीपासून असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्या सूचना १४ जानेवारी २०२२ च्या. ऐन उत्तरायणाची तारीख, म्हणून कमिटीतल्या सगळ्यांच्या लक्षात राहिली.

सेक्रेटरीकाकांनी कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, "हे चालेल, हे तुझ्याच नावावर आहे." सही केली, शिक्का मारला. लीज कंपनीने तेच पत्र एका शब्दाचीही हरकत न घेता स्वीकारलं. म्हणजे त्यांना हेच हवं होतं! मग इतक्या फोनांत एकालाही हे सांगता येऊ नये? रोज असे अर्ज हाताळणाऱ्या लोकांनी पत्राचा एक नमुना मेलला जोडला असता, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांचा मनस्ताप वाचला असता.

अर्थिंग आधी तपासून घ्या, हे वर राहून गेलं. आमच्या इमारतीचं कमजोर निघालं. चार्जर अशा वेळी लाल दिवा दाखवून थांबतो आणि आपण गाडीला दोष देत बसतो. वायरमनने वेगळी अर्थिंग ओढली, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली आणि वेगळा ब्रेकर बसवला. लाइट बिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे, तोही बघा. चार्जर ३.३ किलोवॅट ओढतो. वर एसी आणि गिझर चालू असेल तर जुना भार पुरत नाही. तो वाढवून घेणं सोपं आहे, फक्त आधी करा.

कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'इंजिन सीसी' ही जागा रिकामी सोडता येत नव्हती आणि शून्य घेत नव्हती. कंपनीच्या गाडीची सोय पगारासारखीच कराला धरली जाते आणि तिचं मूल्य तेव्हा १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १८०० रुपये आणि त्यापुढे २४०० असं धरत, म्हणून ती जागा. बॅटरीच्या गाडीला इंजिनच नाही. तिथे स्वतःच्या मनाने आकडा टाकू नका. लेखा विभागाकडून लेखी घ्या.

पेट्रोलच्या बिलांसारखी चार्जिंगची बिलं घरी मिळत नाहीत. मी पॉइंटला छोटा सब-मीटर लावला आणि महिनाअखेरीला त्याचा फोटो लाइट बिलासोबत देते. आमच्याकडे ते मान्य झालं, आणि आता ईव्ही घेतलेले बाकीचेही तसंच करतात. बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, रिकामी असली तरी सुमारे सात तासांत भरते. हालोलला जाऊन-येऊन, एसी लावून, मला वाटेत कधी चार्जिंग शोधावं लागलेलं नाही.

आणि एक. लीज संपल्यावर गाडी स्वतःच्या नावावर घ्यायचा विचार असेल, तर तेव्हाची किंमत करारातच आकड्यात लिहून घ्या. 'बाजारभावाप्रमाणे' एवढ्यावर सही करू नका. मी तो शब्द खोडायला लावला आणि मगच सही केली.