तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅट्रॉसिटीत अटकपूर्व जामीन मिळतो का?

हा प्रश्न मला साताऱ्यात कोर्टाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या खुर्चीतही विचारला गेलाय. आरोपीचा चुलता विचारतो तेव्हा त्याला ‘हो’ ऐकायचं असतं, फिर्यादीच्या आईला ‘नाही’. मी दोन्हीकडून वकीलपत्रं घेतली आहेत. उत्तर मात्र दोघांना एकच देतो.

कायदा उघडला तर उत्तर ‘नाही’. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या, कलम १८ नं अटकपूर्वचा रस्ताच बंद केलाय. अटकपूर्वचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३८ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेत ४८२ झालं. आकडा बदलला, बंदी तीच.

तरीही मिळतो. यावरून देशभर जे रान पेटलं त्याची ठिणगी आपल्या कराडची, हे इथल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या अनुसूचित जातीच्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी वाईट शेरे मारले, त्यानं अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद दिली. त्या वरिष्ठांवर खटला भरायला तंत्रशिक्षण संचालक सुभाष महाजन यांनी परवानगी नाकारली, तेव्हा फिर्याद त्यांच्यावरही झाली. हे महाजन प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २० मार्च २०१८ ला कोर्टानं अटकेआधी वरिष्ठ अधिकाऱ्यांची परवानगी हवी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल असं सांगितलं, अटकपूर्वचा रस्ताही किलकिला केला. २ एप्रिलला भारत बंद. त्याच वर्षी संसदेनं कलम १८-अ घातलं: चौकशी नको, परवानगी नको, अटकपूर्वची बंदी कायम. पुढच्या वर्षी चौकशी-परवानगीचे आदेश कोर्टानंच मागं घेतले. १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ वैध ठरलं, पण त्या निकालात एक वाक्य राहिलं: फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर ही बंदी लागू नाही.

आमचा सगळा युक्तिवाद त्या ‘प्रथमदर्शनी’वर चालतो. न्यायाधीश फिर्याद वाचतात. अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला का? चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झाला असेल तर जातीवरून अपमानाचं कलम लागत नाही, असं २०२० च्याच दुसऱ्या एका निकालात आहे. ‘आमचा पोरगा त्या दिवशी पुण्यात होता’ हे चुलत्याचं पालुपद इथं कामाचं नाही, ते खटल्यात सांगायचं. अर्ज फेटाळला तर हायकोर्टात अपील. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर.

एका बांधाच्या भांडणात मी आरोपीकडून होतो. फिर्यादीत एवढंच होतं: ‘जातीवाचक शिवीगाळ केली.’ कुठं, कुणासमोर, शब्द काय, काही नाही. मी नेमकं तेवढंच दाखवलं. अशा अर्जात पीडिताचं म्हणणं ऐकावंच लागतं, म्हणून साहेबांनी फिर्यादी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी समदं सांगितलं हुतं साहेब. पाणंदीत, सात-आठ माणसं उभी हुती. त्यांनी लिवलंच न्हाई.”

कागदावर नव्हतं. जामीन झाला. चुलत्यानं कंदी पेढ्यांचा पुडा आणून दिला. मी तो ऑफिसात वाटून टाकला, घरी नेला नाही.

नंतर कळलं, पाणंदीतल्या माणसांचे जबाब पोलिसांनी पुढं घेतले. पण जामिनाच्या दिवशी कोर्टासमोर फिर्याद होती, आणि ती कुणीतरी घाईत, स्वतःच्या शब्दांत उतरवलेली. सही करण्याआधी ती वाचून दाखवायला सांगायचं असतं, प्रत फुकट मिळते, हे त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगणार तरी कसा, मी समोरच्या बाजूला होतो.

परवा अशीच एक आई मुलाला घेऊन आली. बसायच्या आधीच म्हणाली, “वकीलसाहेब, त्यास्नी अटकपूर्व मिळणार न्हाई न्हवं?”

म्हटलं, “मावशी, फिर्यादीची प्रत आणलीय का? ती द्या आधी.”