आंब्याच्या पट्ट्या आणि पायसाइड

देवगडात आमची हापूसची कलमे आहेत. हंगामात वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) वडील वहीत उतरवतात, आणि पाच डझनी, सहा डझनी पेट्यांचा हिशेब जुळवताना रात्र होते. ही वही संगणकावर आणावी, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायला शिकलो.

पायथनसोबत येणाऱ्या टीकेइंटर या विंडो आणि बटणे बनवण्याच्या साधनापासून सुरुवात केली. परंतु त्यातील ट्रीव्ह्यू या तक्त्याच्या चौकटीत थेट लिहिता येत नाही, आणि वहीसारखा तक्ता हीच माझी मुख्य गरज होती. त्यामुळे त्याच कामाच्या क्यूट या साधनसंचाकडे वळलो. पायथनमधून ते पायक्यूट किंवा पायसाइड यांच्यामार्फत वापरता येते. पायक्यूट जीपीएल (प्रोग्रॅम वाटताना त्याचा कोडही खुला करायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्यावर मिळते, तर नोकियाने २००९ मध्ये आणलेले पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल परवान्यावर. शेजारच्या बागायतदारांनाही प्रोग्रॅम देण्याचा विचार असल्याने मी दुसरे निवडले. दोन्हींच्या मुळाशी सी प्लस प्लसमधील तेच क्यूट असल्याने एकाची उदाहरणे दुसऱ्यात थोड्या फरकाने चालतात.

पहिला धडा विचित्र होता. बटण दाबल्यावर नव्या पट्टीची विंडो क्षणभर चमके आणि नाहीशी होई. दोन दिवसांनी उलगडा झाला: विंडो मी फंक्शनमधील स्थानिक चलात ठेवली होती, आणि फंक्शन संपताच पायथनने ती वस्तू निकालात काढली. चलाच्या नावाआधी ‘सेल्फ’ जोडून ती मुख्य विंडोच्या वस्तूशी बांधताच विंडो टिकली.

त्यानंतर जुन्या नोंदींची मोठी फाइल बटणाच्या फंक्शनमध्येच वाचू लागलो आणि सारा प्रोग्रॅम गोठला. क्यूटचे इव्हेंट लूप (कळा आणि क्लिक यांची दखल घेणारे चक्र) एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, फिरते. ते अडले की कळ दाबल्याचीही दखल घेतली जात नाही. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडवर टाकले. तेथून तक्त्याला थेट हात लावणे चूक ठरते (मी लावला, आणि प्रोग्रॅम अधूनमधून कोसळू लागला), त्यामुळे आता तो थ्रेड फक्त सिग्नल (क्यूटमधील निरोप) पाठवतो आणि तक्ता मुख्य थ्रेडवर भरला जातो.

वडील आकडे देवनागरीत टंकतात, याची मला धास्ती होती. पण अक्षरांचा पूर्णांक करणारे पायथनचे ‘इंट’ ‘१२’ हे अक्षररूप बिनतक्रार बारा म्हणून वाचते. त्यांची तक्रार वेगळीच आहे: एंटर दाबल्यावर कर्सर पुढच्या चौकटीत जात नाही. सध्या तेच लिहीत आहे.