एक बाजू सरळ, दुसरी तिरकी

पार्सल उघडलं तर आत एकाच जोचे दोन तुकडे. (हा 'जो' म्हणजे जपानी युद्धकलेतली १२८ सेंमी लांब, २.४ सेंमी जाड गोल काठी. मराठीत लिहिताना वाक्य अडखळतं, इलाज नाही.) विकून तीन आठवडेही झाले नव्हते. लाकडी तलवारीवर वार अडवताना टोकापासून हातभर अंतरावर मोडला होता.

आमचं दुकान मियाकोनोजोत. जपानमधल्या सरावाच्या लाकडी तलवारींपैकी बहुतेक या गावच्याच, त्यामुळे मोडलेला माल बघायची सवय असते. लाकूड कुजलेलं असेल तर ते गाजरासारखं टचकन तुटतं, तोंड बोथट राहतं. इथे तसं नव्हतं. मोड २४ सेंमी लांब, तिरकी, जवळजवळ गुळगुळीत, कडेला चारदोन चिरफळ्या. २.४ सेंमी जाडी ओलांडायला २४ सेंमी, म्हणजे तंतूंचा उतार १ ला १०. लाकूड तुटलं नव्हतं, तंतूंच्या मधून सोलून निघालं होतं. बेसबॉलच्या मेपल बॅटवर शाईचा ठिपका लावून हाच उतार बघतात. तिथे मर्यादा ३ अंशांची, म्हणजे साधारण १ ला १९. आमचा त्याच्या दुप्पट.

त्याच फळीतले आणखी ११ जो तेल लावून टांगलेले होते. ते खाली काढले. वरवर बघता रेषा दोरी ताणल्यासारख्या. ओयाकाता, म्हणजे आमचे उस्ताद, लांबूनच म्हणाले, "दुसरीकडून बघितलंस?"

खरी गोम तिथेच होती. शिराकाशी, म्हणजे पांढरा सदाहरित ओक, वर्षवलयं ठळक दाखवत नाही. त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या बारीक पोकळ्या वलयात नसतात, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या ओळींत असतात. खोडाला पीळ असेल तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बाजूवर तो दिसतच नाही, तिथे सगळं सरळ. दिसतो तो फक्त सालीकडच्या बाजूवर. आमची फळी अशी कापलेली होती की रुंद अंगावर सरळ रेषा आणि पीळ सगळा ३६ मिमीच्या जाडीत. जाडीकडे कोण बघतो? आम्ही नाही बघितलं.

काठी चौकोनी असताना हे दोन मिनिटांचं काम. गोल झाल्यावर बाजूच उरत नाही, मग ती शोधावी लागते. प्रत्येक जोचं टोक धारदार रंध्याने केसभर छिललं आणि पाणी लावलं. छेदावर किरणांच्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांच्या, फिकट रेघा उमटतात. त्या जिथे काठीच्या कडेला समोरून येऊन भिडतात, ती सालीकडची बाजू. तिथे पेन्सिलीने खूण केली आणि खुणेच्या सरळ रेषेत काठी ओल्या फडक्याने पुसली. ओल्या लाकडावर त्याच किरणांची टोकं बारीक गडद रेघोट्यांसारखी दिसतात, तंतूंना समांतर. पट्टी ठेवून १० सेंमीत रेघोट्या किती सरकतात ते मोजलं. सात काठ्यांत ३ मिमीच्या आत. चारांत १ सेंमीच्या आसपास. ते चारही फळीच्या एकाच कडेचे.

ठोकून आवाज ऐकायचा प्रघात आहे, म्हणून तोही ऐकला. चारही खणखणीत वाजले. टणत्काराने कुज आणि भेग कळते, पीळ कळत नाही. वाळवूनही जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण सुताराने केली असती तरी शोभली असती.

चार जो खुंट्यांसाठी आखूड कापले. बदली जो दुसऱ्या फळीतून काढला. चौकोन २८ मिमीचा घेतला आणि रंधण्याआधी लगतच्या दोन्ही अंगांवर पट्टी ठेवून उतार बघितला. मग २४.५ मिमीवर आणला. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही अंगांवर ७ मिमीवर रेघा मारून अष्टकोन, मग सोळा कोन, मग रंध्याने गोल. शेवटी पोलादी पट्टीने खरवडून बरोबर २४. सँडपेपर मी कमीच वापरतो. पट्टीने पृष्ठभाग कापला जातो, घासून तंतू उठतात. उकळलेलं जवसाचं तेल पातळ लावलं आणि पंधरा मिनिटांनी कोरडं पुसून टाकलं. वार्निश नाही, त्यावर हात सरकत नाही. पुसलेलं फडकं दोरीवर पसरून वाळत घातलं. चुरगळून डब्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेटतं.

राहिली पिळाची फळी. तिरकी आखून तंतूंच्या दिशेने कापता येते का, तेही तपासलं. १ ला १० उतार म्हणजे १२८ सेंमीत तंतू जवळजवळ १३ सेंमी सरकणार, आणि जाडी ३६ मिमी. जमणं शक्यच नव्हतं. ती ३० सेंमीच्या लाकडी तांतोंसाठी, म्हणजे सरावाच्या सुऱ्यांसाठी, बाजूला ठेवली. सुरी हिसकावून घेण्याच्या सरावात लाकडावर लाकूड आपटत नाही. फळीच्या जाडीवर खडूने मोठी फुली मारली आहे.