मामांचं रिव्हॉल्व्हर आणि माझं भिंग

जळगावच्या सराफ बाजारात ३० वर्षं काढली. दागिना हातात आला की मी आधी छाप बघतो, वजन नंतर. यंदा आखाजीला धरणगावला मामांकडे गेलो, तेव्हाही भिंग खिशात होतंच.

मामांनी परवान्यावरचं जुनं रिव्हॉल्व्हर काढलं. "भाचा, हाई आउट्रम सायबनी देयेल शे." धरणगाव म्हणजे भिल्ल पलटणीचं गाव. आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्लांची ही फौज उभी केली, त्यामुळे इथे जुन्या हत्याराला त्याचं नाव चटकन चिकटतं.

आधी सिलिंडर रिकामं आहे ना, ते पाहिलं. काडतूस बसतं त्या सहाही घरांच्या मागच्या कडेला बारीक खाच होती. काडतुसाच्या अंगातून वर आलेली पिन त्या खाचेतून बाहेर राहते आणि घोडा वरून तिच्यावर पडतो. म्हणून घोड्याचं तोंड सपाट, पुढे टोक नाही. चाप दुमडून पोटाशी बसणारा. हे पिनफायर. पॅरिसच्या लफोशो या बंदूककाराने हे काडतूस १८३५ मध्ये आणलं, त्याच्या मुलाचं गाजलेलं रिव्हॉल्व्हर १८५४ चं. आउट्रम तर १८३५ मध्येच खानदेशातून गेला होता.

मग भिंग लावलं. सिलिंडरवर लंबगोलात ई, एल, जी आणि तारा, म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या, बंदुका तपासणाऱ्या परीक्षागृहाची छाप. तिच्यावर मुकुट नाही. तो १८९३ पासून आला. शेजारी तपासनिसाचं अक्षर, त्यावर चांदणी. १८७७ पर्यंत अक्षरावर मुकुट असायचा. म्हणजे हे १८७७ ते १८९३ मधलं. नखाएवढ्या जागेत एवढं सगळं लिहिलेलं असतं!

नळी पाहिली आणि जीव हळहळला. घरातल्या कुणीतरी चमकवायला पॉलिश पेपर मारला होता. निळसर झिलई गेली, कारखानदाराचं नाव असलंच तर तेही गेलं. जुन्या लोखंडाला कधीही घासू नका. किंमत तिथेच पडते.

मामांना कुणीतरी लाखांचा आकडा सांगितला होता. लिएजमध्ये असली रिव्हॉल्व्हरं ढिगाने बनली. साध्या, बिननावाच्या नगाला युरोपात काहीशे युरो मिळतात. शिवाय १०० वर्षांवरची पुरावस्तू १९७२ च्या कायद्याने आपल्याला देशाबाहेर विकता येत नाही. आणि दुरुस्त करून चालू शकणारं हत्यार कितीही जुनं असलं तरी परवाना लागतोच, म्हणून नूतनीकरणाची तारीख मामांच्या कॅलेंडरवर मीच लिहून आलो.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग आपला घरमा हाई कोनी आनं?" आजोबांच्या परवान्याचे जुने कागद माळ्यावरच्या पेटीत आहेत. पावसाळ्याआधी ती पेटी उतरवायची ठरलंय.