धैवताला सा धरून

आपल्या शाळेत गायनाच्या तासाला भूप शिकवायचे, तसा तो सगळ्याच शाळांत शिकवतात, पण आपले सर भूप शिकवून थांबायचे नाहीत. आरोह अवरोह झाला, स्वागतगीत बसलं की ते पेटीवर पांढरी एक, दोन, तीन, पाच, सहा या पाच पट्ट्या दाखवायचे आणि म्हणायचे, आता हेच पाच सूर, एकही नवीन नाही, फक्त पांढरी सहाला सा म्हणा. आणि आम्ही सहावरून गायला लागलो की वर्गाचा मूडच बदलायचा. भूप गेला आणि धानी आला. मग पांढरी तीनवरून सुरू करा, मालकंस. सातवीतल्या पोरांना मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलणं, हा शब्द परीक्षेपुरता माहीत होता पण कानाला ती गोष्ट कायमची लागली. माझ्यापुरतं सांगतो, मी पुढे जे काही स्टील गिटारवर शिकलो त्याच्या मुळाशी हा तास आहे, आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत काय लिहू असं जेव्हा ग्रुपवर विचारलं गेलं तेव्हा माझं दुसरं काही ठरेचना.

आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात मी हवाईयन गिटार, म्हणजेच स्टील गिटार, वाजवायचो. मांडीवर आडवी ठेवलेली, डाव्या हातात स्टीलचा बार, उजव्या हातात अंगठ्याला आणि बोटांना पिक. तेव्हा विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधे सिनेमाच्या गाण्यांच्या धुना लागायच्या, त्यात सुनील गांगुलींची गिटार असायची, व्हॅन शिप्ले यांच्या रेकॉर्डी घरोघरी होत्या, आणि त्यामुळे हवाईयन गिटार म्हणजे गाणं वाजवायचं वाद्य हे आपल्याकडे पक्कं बसलं होतं. क्लासलाही तेच शिकवायचे, एका तारेवर गाणं, मींड नीट आली पाहिजे, बार बरोबर फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या, डोक्यावर आला पाहिजे. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर? ती पेटीवाला देईल, स्पॅनिश गिटारवाला देईल, तू गाणं वाजव.

यात चूक काहीच नाही. ब्रिजभूषण काब्रांनी याच आडव्या गिटारवर राग वाजवले, १९६७ ला शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची रेकॉर्ड आली ती आजही लोक ऐकतात, आणि रागाला कॉर्ड लागत नाही. पण हे वाद्य आलं हवाईतून आणि तिथे ते कॉर्डनीच बोलतं. १९४० च्या दशकात हवाईयन गिटारवादक टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब कलकत्त्यात राहून वाजवत होतं, शिकवत होतं, आणि हवाईयन गिटारीचं वेड बंगालमध्ये रुजलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्यापर्यंत त्यातलं गाणं आलं, मींड आली, पण कॉर्डचा भाग वाटेत बराचसा गळून गेला असं मला वाटतं.

शाळेच्या स्मरणिकेत हे सांगितलंच पाहिजे, की ही वाजवण्याची पद्धत शोधून काढण्याचं श्रेय ज्याला देतात तो जोसेफ केकुकू तेव्हा शाळकरी पोरगाच होता. १८७४ चा जन्म, ओआहू बेटावरच्या लाइए गावचा, आणि होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत असताना तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायचं त्याने बसवलं. म्हणतात की पहिला नीट बार त्याने शाळेच्या वर्कशॉपमध्येच बनवला. १९०४ ला तो अमेरिकेत गेला आणि तिथून हे सगळीकडे पसरलं. कार्यानुभवाच्या तासाला मी ही गोष्ट हल्लीच्या मुलांना सांगेन.

आता मायनर कॉर्डची, म्हणजे शुद्ध गंधाराच्या मेजरऐवजी कोमल गंधाराच्या कॉर्डची, अडचण काय ती सांगतो, कारण ज्यांनी बोटांनी गिटार वाजवली आहे त्यांना ती जाणवतच नाही. स्पॅनिश गिटारवर चार बोटं चार वेगळ्या जागी जातात, कॉर्डचा आकार हातात असतो. इथे बार सरळ. पाचव्या फ्रेटवर ठेवलात की सगळ्या तारा सारख्याच चढल्या, त्यांच्यातलं अंतर जे मोकळ्या तारांत आहे तेच राहणार. (पांढरी एक ते सात म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी; शार्प म्हणजे अर्धा सूर चढा, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर उतरलेला.) म्हणजे तारा ए मेजरला मिळवल्या असतील, जाड तारेकडून बारीक तारेकडे ए, सी शार्प, ई, ए, सी शार्प, ई, तर तुम्ही बार कुठेही न्या, मेजरच वाजणार. तिसऱ्या फ्रेटला सी मेजर, पाचव्याला डी मेजर, सातव्याला ई मेजर. कोमल गंधार कुठून आणायचा? मग लोक गंधाराची तार सोडून फक्त सा आणि प वाजवायचे, ना मेजर ना मायनर, किंवा बार तिरका धरायचे. बार तिरका धरून दोन तारांतलं अंतर एका फ्रेटने कमी करता येतं, पण तीन तारांची कॉर्ड तिरक्या बारवर सुरात लागणं फार अवघड, आणि खालच्या फ्रेटांत जागा जास्त असल्याने बार आणखीच तिरका करावा लागतो. आपली अर्धी गाणी कोमल गंधाराची, म्हणजे गॅदरिंगमध्ये ज्या क्षणी मायनर आला त्या क्षणी मी कॉर्ड सोडून गाण्यावर परत.

याचं उत्तर मला नोकरीत मुंबईला भेटलेल्या एका गोवेकर सहकाऱ्याकडून मिळालं, घरात चर्चचं म्युझिक असलेला माणूस. त्याने माझी गिटार घेतली आणि बारीक तारेकडून मोजून चौथी तार ई वरून दोन फ्रेट चढवून एफ शार्प केली. बस, एवढंच. बाकी पाच तारांना हातही लावला नाही. वरच्या तीन तारा वाजवल्या, ए मेजर. मग चौथी, तिसरी, दुसरी वाजवली, एफ शार्प, ए, सी शार्प, आणि तो एफ शार्प मायनर होता. बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवला, वरच्या तीन तारांत सी मेजर आणि मधल्या तीन तारांत ए मायनर. बार हललाच नाही, फक्त उजवा हात एक तार खाली सरकला.

मी त्याला म्हटलं हे तर आमच्या सरांनी सातवीत शिकवलंय. त्याला काही कळलं नाही साहजिकच, पण मला लख्ख दिसत होतं. तारा मिळवायच्या ज्या पद्धतीला तो सिक्स्थ ट्यूनिंग म्हणत होता ते म्हणजे सा ग प ध. भूपातून रिषभ काढला की उरतं ते. आणि धैवताला सा धरलं की तेच चार सूर होतात सा, कोमल ग, प, कोमल नि, म्हणजे धानीतून मध्यम काढला की उरतं ते. इंग्रजीत सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हन्थ या दोन कॉर्ड एकच आहेत असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी ते पाठ करतात, आम्हाला ते सरांनी गाऊन दाखवलं होतं.

पुढे मी सी सिक्स्थवर आलो आणि तिथेच राहिलो. जाड तारेकडून सी, ई, जी, ए, सी, ई. हे ट्यूनिंग रुजवण्यात जेरी बर्ड या वादकाचं नाव सगळ्यात आधी घेतात, १९२० ला ओहायोतल्या लिमा गावी जन्मलेला माणूस, कंट्री म्युझिकमध्ये नाव कमावलं आणि १९७२ ला होनोलुलूला जाऊन राहिला, २००५ ला गेला तोपर्यंत हवाईच्याच मुलांना हे वाद्य शिकवत होता. त्याच्या आधी सोल हूपी हा हवाईचा वादक सी शार्प मायनरचं ट्यूनिंग वाजवायचा, तेही नीट बघितलं तर ई सिक्स्थच निघतं. नावं वेगळी, सूर तेच, फक्त सा कोणाला म्हणायचं.

सी सिक्स्थची गंमत अशी की वरच्या तारांत मायनर सोपा आणि मेजर अवघड. वरच्या तीन तारा ए, सी, ई, सरळ वाजवल्या की ए मायनर. मेजर हवा तर तिसरी तार वगळून पहिली, दुसरी आणि चौथी वाजवायची, जी, सी, ई. म्हणजे ती मधली ए ची तार वाजते की गप्प राहते यावर सगळं अवलंबून, आणि ते काम उजव्या हाताचं आहे. डावा हात बार सरकवतो म्हणून सगळे त्याच्याकडे बघत बसतात, पण नको ती तार तळव्याने दाबून बंद करणं हीच या वाद्याची खरी मेहनत. चारही तारा वाजल्या तर? तर मग बेस काय वाजवतोय त्यावर ठरतं, खाली सी असेल तर कानाला सी सिक्स्थ, खाली ए असेल तर ए मायनर सेव्हन्थ. पेटीवाल्या मित्राला खालचा सूर बदलायला सांगा आणि ऐका, तुमचा हात तोच आणि गाणं हसरं होतं की उदास ते पलीकडून ठरतंय.

फ्रेटचा हिशेब एकदा डोक्यात बसला की फार सोपा आहे. मेजर जिथे, त्याच नावाचा मायनर तिथून तीन फ्रेट वर. सी मेजर मोकळ्या तारांवर, सी मायनर तिसऱ्या फ्रेटवर. मायनर गाण्यासाठी तर मी नुसती तीन, आठ, दहा ही जागा धरून बसतो. सी मायनरचं गाणं आहे समजा. तिसऱ्या फ्रेटवर सी मायनर आणि ई फ्लॅट मेजर, आठव्यावर एफ मायनर आणि ए फ्लॅट मेजर, दहाव्यावर जी मायनर आणि बी फ्लॅट मेजर. तीन जागा, सहा कॉर्ड. आसावरी थाटातलं जवळजवळ सगळं यात बसतं, आणि काफीत शुद्ध धैवत लागला की पाचव्या फ्रेटवर एफ मेजर तयारच आहे.

गाण्याचा सूर कॉर्डच्या वर हवा ही दुसरी गोष्ट, आणि इथे खूप जण अडकतात. वरच्या तीन तारांवर ए मायनर घेतला की सगळ्यात वर ई येतो, म्हणजे पंचम. गाणं गंधारावर थांबलंय तर दुसरी, तिसरी, पाचवी घ्या, वर सी येईल. षड्जावर थांबलंय तर तिसरी, पाचवी, सहावी, वर ए. तेच तीन सूर, फक्त क्रम बदलला, आणि चौथी तार प्रत्येक वेळी गप्प ठेवायची. हे हळू वाजवून बघा, एका फ्रेटवर बार ठेवून मायनरचे तिन्ही क्रम, एवढ्याचाच रियाज पुरेसा आहे सुरवातीला.

एक उणीव आहे सिक्स्थमध्ये आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मायनरकडे ओढून नेणारी सेव्हन्थ कॉर्ड सरळ बारवर मिळत नाही. जेरी बर्ड सहावी तार सी ऐवजी सी शार्प ठेवायचा, मग खालच्या चार तारांत सी शार्प, ई, जी, ए म्हणजे पूर्ण ए सेव्हन्थ मिळते आणि तिथून पाचव्या फ्रेटवर गेलात की डी मायनर अगदी घरी आल्यासारखा वाटतो. पायाने तारा चढवता येतात अशा पेडलवाल्या गिटारवर तर ई नाइन्थ ट्यूनिंगमध्ये पाय दाबून बी च्या तारा सी शार्प करतात आणि ई मेजरचा सी शार्प मायनर होतो, म्हणजे तिथेही पंचम चढवून धैवत केला, बाकी काही नाही. त्या गोवेकर मित्राने माझ्या चौथ्या तारेला केलं तेच पायाने.

आता सूर लावण्याबद्दल, कारण यातच आपल्या शाळेचं सगळ्यात जास्त ऋण आहे. ट्यूनरवर हिरवा दिवा लागेपर्यंत तारा मिळवल्या तर सी मेजर कानाला थोडा खरखरतो, कारण ट्यूनरचा गंधार पेटीसारखाच चढा असतो, शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). पेटीवर ते चालून जातं, स्टीलवर सूर लांबतो त्यामुळे लपत नाही. सरांचा नियम होता की पेटी बंद, तंबोऱ्यावर गा, आणि तो तंबोरा मिरजेहून दुरुस्त होऊन आला की दोन आठवडे कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. तंबोऱ्यात ऐकू येणारा तो स्वयंभू गंधार, त्यावर ई च्या तारा लावायच्या. मग ए ची तार ट्यूनरवर लावायची नाही, ती ई वरून लावायची, ध आणि वरचा ग यांच्यात षड्ज-पंचम संवाद आहे तो जुळेपर्यंत. असं केलं की सी मेजरही शुद्ध आणि ए मायनरही शुद्ध, दोन्ही एकाच वेळी. भूपाचा वादी (मुख्य सूर) गंधार आणि संवादी (त्याचा जोडीदार) धैवत, हे आम्ही वहीत लिहून घेतलेलं वाक्य मी आजही तारा लावताना वापरतो, अक्षरशः वापरतो.

सर आता नाहीत, त्यांना हे वाजवून दाखवायचं राहिलं. महोत्सवाच्या कार्यक्रमात माजी विद्यार्थ्यांना जो वेळ दिलाय त्यात मी स्वागतगीत वाजवणार आहे, त्यांनीच बसवलेलं भूपातलं, आधी सी मेजरच्या कॉर्डवर आणि मग तीच चाल धैवताला सा धरून मायनरमध्ये. आठवी-नववीतल्या ज्या मुलांना पेटी येते त्यांनी साथीला बसावं, मला फक्त खालचा सूर धरून द्या, पहिल्या वेळी पांढरी एक आणि दुसऱ्या वेळी पांढरी सहा. रियाजाला आदल्या दिवशी दुपारी संगीत खोलीत येईन, आणि ज्यांना बार हातात धरून बघायचाय त्यांच्यासाठी एक जास्तीची गिटार सी सिक्स्थला लावून आणतोय.